आरोग्य विम्याचे नवे नियम आणि सामान्य माणसाची ऐपत

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर पूर्णपणे रद्द झाला. तोवर हा कर १८ टक्के होता. आजारपणाच्या धास्तीने शंभर रुपयांचे संरक्षण विकत घेणाऱ्या माणसाला वर अठरा रुपये शासनाला द्यावे लागत. हा कर काढून टाकावा, अशी मागणी बराच काळ होत होती. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने दिलेल्या निवेदनाचा आधार घेऊन केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, तेव्हा तो विषय देशभर चर्चेला आला. अखेर वर्षभराने कर गेला आणि अनेक कुटुंबांनी समाधानाचा सुस्कारा सोडला.

तथापि एक कर गेल्याने विमा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. गेल्या काही वर्षांत शासनाने आणि विमा क्षेत्राच्या नियामक संस्थेने आरोग्य विम्यासंबंधी अनेक महत्त्वाचे नियम केले आहेत. त्यांतील बरेचसे नियम खरोखरच ग्राहकाच्या हिताचे आहेत. परंतु आमच्या मते या नियमांनी विमा मिळण्याच्या वाटेतील अडथळे दूर केले असले, तरी विमा टिकवून धरण्याची वाट अद्याप पुरेशी सुकर केलेली नाही. नेमक्या उतारवयात, जेव्हा विम्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, हप्ता न झेपल्यामुळे पॉलिसी सोडून देण्याची पाळी अनेकांवर येते. असे का होते, आणि यावर शासनाने व आपण काय करावयास हवे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पूर्वीची स्थिती

आपल्या देशात ‘मेडिक्लेम’ या नावाने आरोग्य विमा सुरू झाला तो १९८६ मध्ये, सरकारी विमा कंपन्यांमार्फत. पुढे १९९९ च्या कायद्यान्वये भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि खाजगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले. आरंभीच्या काळात विमा देणे न देणे हे बहुतांशी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असे. वय वाढले की नूतनीकरण नाकारले जाई. एखाद्या वर्षी मोठा दावा केला की पुढच्या वर्षी हप्ता अवाच्या सवा वाढे. जी व्यक्ती पंधरा वर्षे नियमाने हप्ते भरीत आली, तिच्याच आजारपणाच्या वेळी कंपनी हात वर करी.

या मनमानीला नियामकाने टप्प्याटप्प्याने लगाम घातला. २०११ मध्ये एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत पॉलिसी नेण्याची मुभा मिळाली आणि तसे करताना आधी काढलेली प्रतीक्षेची वर्षे वाया जाणार नाहीत, अशी तरतूद झाली. २०१३ च्या नियमांनी आजीवन नूतनीकरणाचा हक्क दिला आणि निदान ६५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना नवा विमा मिळावा, असे ठरवून दिले. २०२० मध्ये ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी आली. कोणतीही कंपनी निवडली तरी तिच्या अटी सारख्याच असल्यामुळे सामान्य ग्राहकाला तुलना करणे सोपे झाले.

२०२४ चे नियम काय सांगतात?

१ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी आणि त्याच वर्षी २९ मे रोजी निघालेल्या विस्तृत परिपत्रकाने या प्रवासातील मोठी मजल गाठली. प्रत्येक पॉलिसीधारकाने त्यांतील पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

विमा कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी उपलब्ध करून द्याव्यात, असे आता बंधन आहे. त्यामुळे ६५ वर्षांनंतर दार बंद, ही स्थिती राहिली नाही. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पूर्वी कमाल चार वर्षे असे, तो आता कमाल तीन वर्षे आहे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यानंतर ‘तुम्ही अमुक आजार लपवला होता’ असे कारण देऊन कंपनीला दावा फेटाळता येत नाही; फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावयाचा आहे. घरी सोडतेवेळी अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यावयाची आहे. त्याहून अधिक उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून सोसावयाचा आहे. उपचार चालू असताना रुग्ण दगावला, तर दाव्याची प्रक्रिया त्वरित पूर्ण करून पार्थिव तत्काळ ताब्यात मिळावे, अशीही तरतूद आहे. आदल्या वर्षी दावा केला, एवढ्याच कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही. शिवाय दावा फेटाळण्याचा निर्णय एखाद्या कर्मचाऱ्याने परस्पर घ्यावयाचा नसून, त्यासाठी कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीची संमती लागते.

हे नियम वाचले म्हणजे कोणीही म्हणेल की विमाधारकाची बाजू आता पूर्वीपेक्षा पुष्कळ भक्कम झाली आहे. ते खरेच आहे. शासनाच्या नियमनाने केवढा फरक पडू शकतो, याचा तो पुरावाच आहे.

हप्त्याचे गणित

आता हप्त्याकडे वळू. समजा, एखाद्या ज्येष्ठ दांपत्याचा मूळ हप्ता ३०,००० रुपये आहे. करासह त्यांना ३५,४०० रुपये भरावे लागत. कर गेल्यावर ५,४०० रुपये वाचले. ही सवलत लहान नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने आणखी एक आदेश काढला. ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असेल, तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत केली पाहिजे. एकाच वर्षात हप्ता दीडपट वा दुप्पट करण्याच्या प्रकारांना यामुळे आळा बसला. पण दहा टक्क्यांपर्यंतच्या वाढीला अशी कोणतीही अट नाही. आपल्या उदाहरणातील दांपत्याचा हप्ता दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेला, तर तो पहिल्या वाढीनंतर ३३,००० आणि दुसऱ्या वाढीनंतर ३६,३०० रुपये होईल. म्हणजे कर काढल्याने झालेली बचत अवघ्या दोन वाढींत संपते. सातव्या वाढीनंतर हाच हप्ता ५८,००० रुपयांच्या पुढे जातो. निवृत्तीनंतर ज्यांचे उत्पन्न बँकेतील ठेवींच्या व्याजावर अवलंबून आहे, त्यांचे व्याज सात वर्षांत दुप्पट होत नाही.

यात आणखी दोन उणिवा आहेत. पहिली अशी की ही मर्यादा केवळ ज्येष्ठांसाठी आहे. पन्नाशीतील गृहस्थाला तिचे संरक्षण नाही. दुसरी अशी की करमाफी केवळ वैयक्तिक व कौटुंबिक पॉलिसींना मिळाली. समूह विम्यावर १८ टक्के कर कायम राहिला. पतपेढ्या, सहकारी संस्था, मंडळे आपल्या सभासदांसाठी एकत्रितपणे जो विमा घेतात, तो सहसा स्वस्त पडतो आणि त्यात वैद्यकीय तपासणीची कटकटही कमी असते. अल्प उत्पन्नाच्या माणसाला विम्याच्या कक्षेत आणण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग; नेमका तोच करसवलतीतून वगळला गेला.

विमा कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. कोणत्याही वयात, कोणत्याही आजारासह विमा मिळू लागला, तर तरुण व निरोगी माणसे आज कशाला हप्ता भरतील? ती आजारी पडेपर्यंत थांबतील. मग विमाधारकांत आजारी माणसांचेच प्रमाण वाढेल आणि सर्वांचा हप्ता चढेल. विमा म्हणजे अखेर अनेकांनी थोडे थोडे देऊन एकाचे मोठे ओझे उचलणे होय. ओझे उचलणारे हात कमी झाले की राहिलेल्या हातांवर भार वाढतो. म्हणून प्रवेश खुला करणारा नियम करताना अधिकाधिक तरुण कुटुंबे आत येतील, याची तजवीजही शासनाला करावी लागते. समूह विम्यावरील कर रद्द करणे ही त्या दिशेने टाकलेली एक साधी पायरी ठरेल.

मूळ दुखणे कोठे आहे?

हप्ता वाढण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र विमा कंपनीच्या कार्यालयाबाहेर आहे. ते आहे रुग्णालयाच्या बिलात. उपचारांचा खर्च जसजसा वाढतो तसतसा दाव्यांचा आकडा वाढतो, आणि तो अंतिमतः हप्त्यात उतरतो. नियामकाची सत्ता विमा कंपन्यांवर चालते. रुग्णालयांवर चालत नाही. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा आपल्या घटनेप्रमाणे राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. एका हाताने हप्त्यावर मर्यादा घालावयाची आणि दुसऱ्या हाताने बिल मोकळे सोडावयाचे, असा हा प्रकार आहे. अशा स्थितीत कंपन्या एक तर कमी संरक्षण देतील, किंवा दाव्यांत अधिक काटछाट करतील.

रुग्णालयांची नोंदणी व किमान दर्जा यांसाठी केंद्राने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१२ च्या नियमांत उपचारांच्या दरांची कक्षा ठरविण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने तो केंद्रीय कायदा स्वीकारला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक करण्यात आले. दरपत्रक लावणे आणि दर आटोक्यात ठेवणे यांत अर्थातच अंतर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दरनिश्चिती रखडल्याबद्दल केंद्र शासनाला जाब विचारला होता.

दर ठरविणे शक्यच नाही, असे काही जण म्हणतात. ते अनुभवाला धरून नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसविल्या जाणाऱ्या स्टेंटच्या किमतींवर केंद्राने मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवरही. कोरोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले. विमा नसलेल्या रुग्णासाठी साध्या कक्षाचा दर दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाचा ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये असा होता. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या, तक्रारीही झाल्या. परंतु इच्छा असेल तर शासन हे करू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

रुग्णालयांचे म्हणणेही सर्वस्वी चूक नाही. शहरातील शेकडो खाटांच्या पंचतारांकित रुग्णालयाला आणि तालुक्याच्या गावातील वीस खाटांच्या दवाखान्याला एकच दर लावला, तर लहान दवाखाने बंद पडतील. नफ्यासाठी न चालणाऱ्या, धर्मादाय व मिशनरी संस्थांच्या रुग्णालयांनाही अवास्तव कमी दर परवडत नाहीत. तेव्हा दर ठरविताना रुग्णालयाचा आकार, स्थान व सोयी यांचा विचार व्हावा, प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब मांडला जावा आणि शासकीय योजनांची देणी वेळेवर दिली जावीत. नियामकाने जानेवारी २०२५ च्या आदेशात विमा कंपन्यांना असे सुचविले आहे की, त्यांनी एकत्र येऊन रुग्णालयांशी सामाईक करार करावेत आणि शासकीय योजनेप्रमाणे ठरावीक उपचारांचे ठरावीक दर निश्चित करावेत. सूचना योग्य आहे. तिला राज्य शासनाच्या कायद्याचे पाठबळ मिळाले, तरच तिचा उपयोग होईल.

शासकीय योजनांचा आधार

खाजगी विमा ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी शासकीय योजना हा दुसरा मार्ग आहे. तो आपल्यासाठी नाही, असे समजणारी बरीच कुटुंबे आहेत. हा समज आता जुना झाला आहे.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांपुरती होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती शुभ्र शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व रहिवासी कुटुंबांना लागू करण्यात आली आणि संरक्षणाची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते. त्यावर घरातील सत्तरीपुढील व्यक्तींना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार विनामूल्य होतात. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. गोव्यातही २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तेथे पाच वर्षे वास्तव्य असलेल्या लहान कुटुंबाला अडीच लाख, तर चार वा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

या योजनांनाही मर्यादा आहेत. ठरावीक आजार, ठरावीक शस्त्रक्रिया आणि योजनेत सामील असलेली ठरावीक रुग्णालये, एवढ्यांतच त्यांचा लाभ मिळतो. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या आणि रोजची औषधे त्यांत येत नाहीत. कागदोपत्री प्रत्येकाला पाच लाखांचे संरक्षण असूनही जवळपास एकही मोठे रुग्णालय योजनेत नसेल, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणूनच आपल्या तालुक्यातील कोणती रुग्णालये योजनेत आहेत आणि कोणती का नाहीत, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारला गेला पाहिजे.

आपल्या हाती काय आहे?

शासनाकडून अपेक्षा करीत असताना काही गोष्टी आपणही ध्यानी घ्याव्यात.

पॉलिसी घेताना आजार लपवू नये. एजंट ‘हे लिहू नका, हप्ता वाढेल’ असे म्हणाला, तरी लिहावे. दावा फेटाळला जाईल तेव्हा तो एजंट सोबत नसेल. हप्ता खंडित होऊ देऊ नये. वार्षिक पॉलिसीला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. तीही चुकली, तर प्रतीक्षेची सारी वर्षे पुन्हा मोजावी लागू शकतात. हप्ता झेपत नसेल, तर पॉलिसी सोडण्यापूर्वी विम्याची रक्कम कमी करणे अथवा दुसऱ्या कंपनीत नेणे, हे पर्याय तपासावेत.

खोलीच्या भाड्याची मर्यादा आवर्जून वाचावी. तीन लाखांच्या पॉलिसीत ती एक टक्का असेल, तर दिवसाला ३,००० रुपयांची खोली मंजूर होते. रुग्ण ६,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला आणि बिल दोन लाख झाले, असे समजू. त्यात ३०,००० खोलीचे, १,२०,००० डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचे आणि ५०,००० औषधे व तपासण्यांचे आहेत. खोलीनुसार दर बदलणाऱ्या रुग्णालयात पहिल्या दोन्ही रकमा निम्म्या होतात. औषधे व तपासण्यांना ही कपात लागू नाही. कंपनी १,२५,००० रुपये देते आणि ७५,००० रुपये रुग्णाच्या माथी येतात. खोलीच्या भाड्यातील फरक केवळ १५,००० रुपयांचा होता!

दावा अन्यायाने फेटाळला गेला, तर गप्प बसू नये. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. लोकपालाने दिलेला निवाडा कंपनीने ३० दिवसांत अमलात आणला नाही, तर विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात.

आपल्या धर्मग्रामांतही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांकडे मोबाईलवर नोंदणी करून देणारे कोणी नसते. मुले परदेशी असतात किंवा एकटेपण असते. युवकांनी एखाद्या रविवारी आधार कार्डाच्या साहाय्याने त्यांची वय वंदना कार्डे काढून दिली, तर कितीतरी घरांचा घोर कमी होईल. जवळच्या रुग्णालयांतील आरोग्यमित्रांची माहिती आणि योजनेतील रुग्णालयांची यादी सूचनाफलकावर लावणे, हे तर एका दिवसाचे काम आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा झाली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही दर शंभर रुपयांतील सुमारे चाळीस रुपये आजही कुटुंबाने साठवलेल्या पुंजीतून, दागिने गहाण ठेवून वा उसनवारी करून उभे केले जातात. विमा कंपन्यांना नियम लावून शासनाने अर्धे काम केले आहे. रुग्णालयांच्या दरांना न्याय्य मर्यादा घालणे आणि समूह विम्यावरील कर काढणे, हे उरलेले अर्धे काम आहे. ते होईपर्यंत, वयाच्या साठाव्या वर्षी मिळालेली पॉलिसी पंचाहत्तराव्या वर्षी हातात राहील, याची खात्री कोणालाच देता येणार नाही. आपल्या आमदार-खासदारांना भेटताना रस्ते व पाणी यांच्या जोडीला हा प्रश्नही आपण त्यांच्यापुढे ठेवावा, असे आम्हांस मनापासून वाटते.